फडकं अडलं तिथे

१

माझ्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही. मुकादमाने नाही, मशीन दुरुस्तीवाल्याने नाही, आणि बँकेतल्या काचेआडच्या साहेबाने तर मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. "बाई, तुम्ही पुसायचं काम करा, बघायचं काम आमचं," म्हणाला. त्याने बघितलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

मी चौथी शिकलेय. पण अकरा वर्षं एटीएमच्या केबिनी पुसतेय, त्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. सात केबिनी. रात्रभर शटर बंद असतात. सकाळी सहाला मी उघडायला सुरुवात करते, आठच्या आत सगळ्या लखलखीत. किल्ल्यांचे जुडगे दोन. एक माझ्या कमरेला, दुसरा घरी खिळ्यावर. गुरुवारी माझी सुट्टी, तेव्हा तो घेऊन माझी धाकटी जाऊ जाते. तिला सगळे धाकटीच म्हणतात. कामही मीच शिकवलं तिला.

मशीन पुसायची माझी रीत ठरलेली आहे. वरून खाली. आधी डोक्यावरची पट्टी, मग पडदा, मग आकड्यांची बटणं, आणि सगळ्यात शेवटी कार्ड घालायची फट. फटीभोवती ओलं फडकं दोनदा, सुकं एकदा. मग फडकं झटकायचं. नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला नसेल इतक्या वेळा त्या फटींवरून फिरवलाय. कुठल्या मशीनचा कुठला टवका उडालाय, ते डोळे मिटून सांगेन.

तर शनिवारी चार नंबरच्या केबिनीत फडकं अडलं.

फटीच्या खालच्या ओठाला. दिसायला काही नाही. तोच हिरवा रंग, तोच दिवा. पण ओठ नखाएवढा जाड झाला होता आणि त्याच्या कडेला फडक्याचा एक धागा ओढला गेला. मी बोट फिरवलं. प्लास्टिक थंडगार असतं एरवी. हे कोमट होतं.

मी तिथूनच मुकादमाला फोन लावला.

"चार नंबरच्या तोंडावर कुणीतरी काहीतरी चिकटवलंय."

"शटर तोडलंय?"

"नाही. कुलूप जागच्या जागी होतं."

"मग काय भिंतीतून आला तो? झोप झाली नाही का तुझी?"

दुरुस्तीवाला दुपारी दोनला आला. मी मुद्दाम थांबले होते. त्याने फट हलवली, टॉर्च मारला, आणि माझ्याकडे वळून हसला. काही नव्हतं. मी बोट लावलं. ओठ पातळ, थंड, जुना.

"बाई, चष्मा लावा," तो म्हणाला.

"चष्मा डोळ्यांना लागतो, बोटांना नाही," मी म्हटलं. पण मनात म्हटलं, चुकले असेन. वय झालं, बोटंही निबर झाली.

२

सोमवारी ओठ पुन्हा जाड होता. कोमट होता. आणि बटणांच्या वर एक बारीक पट्टी आली होती, मशीनच्याच रंगाची, तिच्या मधोमध सुईच्या नाकाएवढं भोक. भोकाचं तोंड खाली, बटणांकडे.

हे म्हणजे काय ते कळायला चौथी पुरते. फटीवरचं झाकण कार्ड वाचून घेतं, वरचा डोळा बोटं बघतो. दोन्ही मिळालं की तुमच्या कार्डाचं जुळं तयार होतं. तुमचं कार्ड तुमच्या खिशात आणि त्याचं जुळं बाजार करत फिरतंय. हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, फडक्यानंतर काचा त्यानेच कोरड्या करते मी.

मुकादम फोन उचलेना. बँक उघडायला अजून दोन तास. मग मी दारातच उभी राहिले आणि येईल त्याला सांगू लागले. या मशीनवर नको, पुढच्या केबिनीत जा. तिथेही आधी फट धरून हलवून बघा. आकडे दाबताना दुसरा हात वर धरा, छपरासारखा. एकजण म्हणाला, "तू पुसणारी का बँकेची मालकीण?" दुसरा नुसताच बाजूला सरकला, माझ्या फडक्याला वास येत असावा.

निवृत्त नर्सबाई आल्या. दर महिन्याला येतात, माझी विचारपूस करतात. त्यांनी माझं ऐकलं नाही.

"अगं, आयुष्यभर सुया टोचल्या मी, मला कोण फसवणार?" म्हणत त्यांनी कार्ड घातलंसुद्धा.

संध्याकाळी त्या मला शोधत घरी आल्या. मोबाइल हातात. पैसे निघाल्याचे संदेश येत होते, एकामागून एक, कुठल्या कुठल्या गावांतून. मी त्यांना खुर्चीतही बसू दिलं नाही. "कार्ड काढा. उलटं करा. मागे नंबर आहे तो लावा आणि कार्ड बंद करा म्हणून सांगा. रडायचं नंतर." त्यांनी केलं. मग त्यांना पोलिसांत नेलं, लेखी तक्रार द्यायला लावली, पोच मागून घेतली. जे करायचं असतं ते सगळं मी त्यांच्याकडून अर्ध्या तासात करवून घेतलं.

पोलिसांच्या टेबलाशी त्या कौतुकाने म्हणाल्या, "या बाईंना सकाळीच सगळं माहीत होतं हो."

लिहिणाऱ्या हवालदाराने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

३

मंगळवारी मी ते उपटलं.

मला माहीत आहे, असं करायचं नसतं. हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही, दारात थांबून पोलिसांना बोलवायचं. पण सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं, आणि मुकादम म्हणाला होता, "पुरावा आण, मग बोल." मी पेचकस घातला आणि ओढलं. ते सहज निघालं नाही. दातात अडकलेली शेंग ओढावी तसं आतून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटलं. मग एकदम सुटलं आणि त्याच्या कडेने माझं अंगठ्याशेजारचं बोट कापलं. रक्त फटीवर सांडलं. मी ते पुसलं. दोनदा ओलं, एकदा सुकं.

वरची पट्टीही काढली आणि दोन्ही घरी आणलं. गोंद लागला होता, धूळ होती, रक्त होतं. मी रॉकेलने गोंद काढला, साबणाने धुतलं, सुकवलं, स्वच्छ फडक्यात गुंडाळलं. कुणाला काही द्यायचं तर नीट द्यावं.

धाकटी आत आली आणि तिने कपाळावर हात मारला.

"ताई! अहो, हे काय केलंत? ठसे असतात ना त्याच्यावर!"

"कसले ठसे?"

"चोराच्या बोटांचे! आता त्याच्यावर फक्त तुमचीच बोटं आहेत!"

मी हातातलं फडकं बघत राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला स्वच्छ वस्तूची भीती वाटली.

धाकटीच माझं बोट बांधायला बसली. पट्टी नव्हती, तर तिने माझ्या कामाच्या जुन्या निळ्या कोटाच्या खिशाची चिंधी फाडून गुंडाळली आणि वर गाठ मारली, सशाच्या कानांसारखी. "कुणी तुम्हाला काही म्हणालं ना, तर मी येते," म्हणाली. "मी दहावी आहे. भांडायला येतं मला." ती अशी आहे. घरात आली तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती, मला वाटलं होतं जेवण करपवेल आणि रडत बसेल. करपवलं तिने, पण रडली नाही.

४

बुधवारी चार नंबरचं शटर उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थांबले.

केबिन पुसलेली होती. नुसती स्वच्छ नाही, आत्ताच पुसलेली. फरशी ओली. काचेवर फडक्याचे पट्टे अजून सुकायचे होते. वास माझ्या साबणाचा, मी त्यात जरा व्हिनेगर टाकते तोच.

मी स्वतःला म्हटलं, काल घाईत कुलूप लावायचं राहिलं, सकाळी कुणी आलं असेल. पण कुलूप मी आत्ताच उघडलं होतं, हाताने. म्हटलं, धाकटीने येऊन मला मदत केली असेल. पण धाकटी घरी आंघोळीचं पाणी तापवत होती, मी निघाले तेव्हा.

मी जवळ गेले. काचेवरचे पट्टे बघितले. प्रत्येक पुसणारीचा हात वेगळा असतो. धाकटी आडवं पुसते. मी वरून खाली ओढते आणि तळाशी मनगट वळवते, तिथे उलट्या हुकासारखी खूण राहते. दुसरं कुणी तसं पुसत नाही, कारण तशी मनगटाची मोड फक्त माझी आहे, लहानपणी हात मोडला होता तेव्हापासूनची.

काचेवर सगळीकडे ती खूण होती.

आणि फटीचा ओठ जाड होता. नवा. मी बोट लावलं नाही. पण बटणांवर लावलं, का ते मला माहीत नाही. चार बटणं गरम होती, बाकीची थंड. ज्या चार बटणांनी माझं कार्ड चालतं, तीच. माझं कार्ड मी त्या मशीनमध्ये कधीही घातलेलं नाही. त्यावरून माझा फक्त हातच फिरतो, रोज, दोनदा ओला, एकदा सुका.

मी बाहेर येऊन मशीनवर लिहिलेल्या नंबराला फोन लावला. एका पोरीने गोड आवाजात तक्रार घेतली, नंबर दिला, धन्यवाद म्हणाली. मी कागदावर लिहून दारावर चिकटवलं: मशीन खराब आहे, वापरू नये. दहा वाजता मुकादमाने तो फाडून माझ्या तोंडासमोर नाचवला.

"बँक तुझ्या बापाची आहे?"

"तुझ्या बापाची असली तर त्याला विचार, चार नंबर कोण पुसून जातं ते."

"तूच पुसतेस ना? मग?"

मी तो कागद हिसकावून घेतला आणि घरची वाट धरली. त्या दिवशी कोटाचा खांद्याचा पट्टा तुटला होता. घरी आल्यावर शिवायची शक्ती नव्हती, म्हणून मोठी सेफ्टी पिन लावून ठेवली.

५

गुरुवार माझा सुट्टीचा. पहाटेपासून धाकटी तापाने फणफणली होती. आमचे दोघींचे नवरे कामावर निघून गेले. आम्ही दोघीच उरलो. मी ठरवलं, पुसल्या नाहीत एक दिवस केबिनी तर काही आभाळ कोसळत नाही. मुकादमाला सांगायचं मात्र धाडस झालं नाही. दोन्ही जुडगे खिळ्यावर अडकवले, माझ्या डोळ्यांसमोर, आणि धाकटीच्या उशाशी बसले. कपाळावर ओली घडी ठेवायची, ती तापली की बदलायची. सहा वाजले, सात वाजले. दार आतून लावलेलं होतं.

ती ग्लानीत म्हणाली, "ताई, पाण्याचा आवाज येतोय. कुणी पिळतंय."

"मीच पिळतेय गं. घडी."

"ती नाही. मोठं काहीतरी."

मी कान दिला. गल्लीत कुणी सायकल नेत होतं. शेजारी नळ. बाकी काही नाही. ताप माणसाला काहीही ऐकवतो.

आठ वाजता मुकादमाचा फोन आला. मी शिव्या ऐकायच्या तयारीने उचलला.

"आज धाकटी लवकर उरकून गेली वाटतं. सातही शटर वर, सातही चकाचक. बघ, तुझ्यापेक्षा बरं करते ती."

मी अंथरुणावरच्या धाकटीकडे पाहिलं.

"ऐकतेस ना? तीच आली होती ना?"

तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. त्या एका शब्दावर सगळं वेगळं झालं असतं, किंवा झालंही नसतं. पण दिवसाची मजुरी कापेल, कोण आलं विचारेल, आणि मी काय सांगू?

"हो," मी म्हटलं. "तीच."

फोन ठेवून मी खिळ्याकडे गेले. दोन्ही जुडगे होते. माझ्या जुडग्याला हात लावला आणि काढून घेतला. किल्ल्या ओल्या होत्या. बोटांना साबणाचा बुळबुळीतपणा लागला.

धाकटीला झोप लागली होती. मी तिला उठवलं नाही. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसले, दाराकडे तोंड करून, संध्याकाळपर्यंत.

६

शुक्रवारी दुपारी पोलिसांनी बोलावलं. धाकटीचा ताप उतरला होता, तोंडाला रंग नव्हता, तरी ती माझ्या मागोमाग चालत आली. मुकादम आधीच बसला होता, साक्ष देऊन मोकळा.

खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला ओल. खिडकीला हिरवा रंग दिलेला, काचांसकट, त्यामुळे सगळ्यांची तोंडं आजारी दिसत होती. फौजदार वयाने माझ्याएवढा, शांत. शांत माणसांची मला जास्त भीती वाटते. मी फडक्यात गुंडाळलेली ती वस्तू त्याच्यापुढे ठेवली.

"ही धुतलीय का?"

"हो."

"का?"

"गोंद होता."

मुकादम फिस्सकन हसला. "साहेब, चोरीपण हिने धुऊन वाळवून केली असती."

फौजदार हसला नाही. त्याने समोरचा पडदा माझ्याकडे वळवला. चार नंबरच्या केबिनीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं, छतावरून घेतलेलं.

"हा शनिवार. पावणेसहा. तुम्ही म्हणता तुम्ही सहाला येता."

केबिनीत एक बाई होती. निळा कोट. कोट नुसता लोंबत होता, आत माणूस नीट भरलेला नसावा तसा. पाठ आमच्याकडे. ती मशीन पुसत होती, वरून खाली, पण अडखळत, पहिल्यांदा शिकणाऱ्यासारखी.

"हा बुधवार."

आता कोट भरला होता. खांदे माझे होते. मनगट तळाशी वळत होतं. हातावर, अंगठ्याशेजारच्या बोटावर निळी चिंधी होती, सशाच्या कानांची गाठ.

माझ्या मागे धाकटीने श्वास ओढला. ती गाठ तिची होती.

"आणि हा काल, गुरुवार."

खांद्याच्या पट्ट्यावर सेफ्टी पिन चमकत होती. बाईने फटीभोवती ओलं फडकं दोनदा फिरवलं, सुकं एकदा. फडकं झटकलं. मग पडद्याच्या काळ्या काचेत बघून केस मागे सारले. हे मी करते. केबिनीत कुणी नसतं तेव्हाच करते. आणि मग तिने मान उचलून वर बघितलं, सरळ कॅमेऱ्यात.

फौजदाराने तिथेच चित्र थांबवलं. "इथे चेहरा धूसर आहे," म्हणाला. "कॅमेरा जुना आहे."

कॅमेरा चांगला होता. पिनेचं टोकसुद्धा दिसत होतं. चेहरा धूसर नव्हता, चेहरा अजून पुरता झाला नव्हता. कपाळ होतं. नाक माझं होतं, बसकं. भुवईवर माझा व्रण येत होता, अर्धा आलाही होता. डोळ्यांच्या जागी अजून सपाट होतं, नुकत्या मळलेल्या पिठासारखं. तोंड होतं. ते किंचित उघडं होतं आणि त्याचा खालचा ओठ जाड होता.

"शनिवारच्या चित्रात चेहरा कसा होता?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"तेव्हा तर काहीच दिसत नाही," फौजदार म्हणाला.

७

त्याने कागद पुढे ओढला.

"बाई, मी सरळ बोलतो. शटर तोडलेलं नाही. किल्ल्या तुमच्याच घरात. यंत्र तुमच्याकडे, त्यावर ठसे तुमचेच निघणार. नर्सबाईंना तुम्ही आधीच सावध केलंत, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. सोमवारच्या एका दिवसात अठरा जण लुटले गेलेत. आज कुणीतरी आत जाणार. कोट तुमच्या घरात दोन, पुसणाऱ्या दोन. मला एवढंच सांगा, ही कोण?"

"साहेब, गुरुवारी आम्ही दोघी घरीच होतो," धाकटी म्हणाली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो अजून गरम होता. "मला ताप होता. ताई माझ्या उशाशी होत्या, एक क्षण हलल्या नाहीत. मी कुठेही येऊन शपथेवर सांगेन."

"मुकादम म्हणतात तुम्ही कामाला आला होतात. यांनीच फोनवर सांगितलं."

"ताई तसं कशाला सांगतील?" ती हसली, खरंच हसली. "सांगा ना ताई यांना."

मी पडद्याकडे बघितलं. चित्र थांबवलेलं होतं. मला माहीत आहे थांबवलेलं चित्र हलत नाही. पण भुवईवरचा व्रण मघाशी अर्धा होता आणि आता पुरा होता. पिठासारख्या सपाट जागेत दोन खळगे पडत होते, कुणी आतून अंगठे दाबावेत तसे. बाकी कुणी तिकडे बघतच नव्हतं. मुकादम मोबाइल बघत होता, फौजदार मला.

ती मी आहे, असं सांगितलं तर ते तोंड पुरं होईल. ती मी नव्हे, आणि कुणीच नव्हे, असं सांगितलं तरी ते पुरं होईल, कारण त्याला दुसरं कुणी दिलेलंच नाही. डोळेच तेवढे उरले होते. माझे डोळे चुरचुरू लागले होते.

त्याला कुणीतरी हवं होतं. एवढंच. कुणीही चाललं असतं.

तिने माझा खांदा हळूच दाबला. म्हणाली, "बोला, घाबरू नका, मी आहे ना."

"नाव?" फौजदाराने पेन उघडलं.

मी डोळे मिटून घेतले.

"धाकटी."